प्रतिसाद: अंबरनाथचं शिखर नीट बघा
वरच्या लेखात अंबरनाथच्या शिवमंदिराला 'हेमाडपंती', म्हणजे हेमाद्रीच्या (हेमाडपंताच्या) नावाने ओळखल्या जाणाऱ्या शैलीचं, म्हटलंय, ते कालक्रमात बसत नाही. इथला शिलालेख शके 982, म्हणजे इ.स. 1060 चा, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातला. हेमाद्री तर यादव राजांचा मंत्री, तेराव्या शतकातला.

मंदिराची शैली भूमिज (शिखररचनेचा एक प्रकार) आहे. खूण शिखरावर सापडते: प्रत्येक बाजूला मधोमध वर चढणारी कोरीव उभी पट्टी (लता), आणि दोन लतांमध्ये छोट्या शिखरांच्या ओळी. शिखराचा माथा आज नाही, तरी हे खालूनही कळतं. सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिराशी जरूर ताडून बघा, तेही भूमिजच. अंबरनाथचा गाभारा मंडपापेक्षा खोल, पायऱ्या उतरूनच जायचं.

डागडुजीत सिमेंट मात्र नकोच! सांध्यांतलं पाणी अडतं, क्षार साचतात आणि कोरीवकामाचे पापुद्रे सुटतात.