मदत हवी आहे: लक्षद्वीप क्रूझ, खवळलेला समुद्र आणि आईची मळमळ

ऑक्टोबरच्या शेवटी आईबाबांना मुंबईहून लक्षद्वीपच्या क्रूझवर नेतो आहे. आम्ही दारव्हा तालुक्यातले, समुद्राची सवय कोणालाच नाही. चिखलदऱ्याच्या घाटात आईला एसटीत हमखास उलटी होते, म्हणून ही चौकशी.

केबिन जहाजाच्या मधोमध, खालच्या डेकवर घेतली आहे. टोकांना वर-खाली होणं जास्त आणि वरच्या मजल्यांवर डोलणं जास्त, म्हणून. खिडकी आहे, क्षितिज दिसेल. बाल्कनीचा सल्ला कृपया नको, तेवढे पैसे नाहीत.

आईला अ‍ॅव्होमिन चालते. निघण्याआधी तासभर दिली की उलटी थांबते, पण मग अर्धा दिवस गुंगी. बाबांना प्रोस्टेटचा त्रास असल्यामुळे डॉक्टरांनी त्यांना ती नको म्हटलंय. त्यांच्यासाठी आलेपाक आणि कोरडी बिस्किटं. रिकाम्या पोटी मळमळ वाढतेच.

अडलंय ते उतरण्यावर. जहाज वेगात असताना पाण्याखालचे स्टॅबिलायझर डोलणं कमी करतात, नांगर टाकल्यावर त्यांचा फारसा उपयोग राहत नाही. आणि बेटाजवळ नेमकं तेव्हाच लहान बोटीत उतरायचं असतं. आईचे गुडघे दुखतात.

जे स्वतः असे उतरले आहेत त्यांनीच सांगावं: जहाजाच्या दारातून थेट बोटीत पाऊल टाकायचं असतं की शिडी उतरावी लागते? लाट असताना दोन्ही बाजूंनी धरायला माणसं असतात का? आणि त्या सकाळी आईला गोळी द्यावी, की गुंगीत पाय घसरण्याचा धोका मळमळीपेक्षा मोठा?