दुधाच्या शेळ्यांना कुठलं तयार खाद्य घ्यावं? गाईची कांडी चालेल का?

अकोले_शेळीपालन
नमस्कार मंडळी. अकोले तालुक्यात आमच्या घरच्या संगमनेरी शेळ्या आहेत, त्यात तीन सानेन (परदेशी दुधाळ जात) क्रॉस. मी आणि आई मिळून बघतो. सकाळी रानात चारून आणतो. दुपारनंतर गव्हाणीत तुरीचं भुसकट, मक्याच्या कडब्याची कुट्टी आणि बांधावरचं थोडं सुबाभूळ, शेवरी. खुराक म्हणजे मक्याचा भरडा आणि गव्हाचा कोंडा, निम्मानिम्मा. क्रॉस शेळ्या व्यायल्यावर दीड लिटरपर्यंत जातात, पण महिनाभरात दूध पडतं आणि पाठीचा कणा हाताला लागायला लागतो. जंत पाडून झालेत.

आता तयार खाद्य आणायचं ठरवलंय. दुकानात तीन पोती दाखवली, सगळी 50 किलोची. गाईची कांडी (दाबून केलेलं तयार खाद्य) 20 टक्के प्रथिनांची, 1500 रुपये. शेळी-मेंढी स्पेशल 16 टक्के, 1350 रुपये. तिसरं बोकडाच्या फॅटनिंगचं. दुकानदार म्हणतो गाईचीच न्या, प्रथिनं जास्त आहेत. काय करू?

गोदाकाठ
भाऊ, गाईची कांडी बिनधास्त द्या. आमच्याकडे सगळे तीच देतात. सोबत मूठभर सरकी पेंड टाकली की दूध वाढतं.

सिन्नरची_ताई
अकोलेकर भाऊ, पोत्याआधी तुमच्या गव्हाणीकडे बघू. मक्यात प्रथिनं साधारण 9 टक्के, गव्हाच्या कोंड्यात 14-15. निम्मानिम्मा केलं की खुराक 12 टक्क्यांवर येतो. कडब्यात प्रथिनं नावालाच असतात आणि भुसकट त्याहून थोडं बरं. म्हणजे शेळीचं पोट भरतंय, ताकदही बऱ्यापैकी मिळतेय, पण दुधाला लागणारी प्रथिनं ती अंगातून काढतेय. कणा त्यामुळंच हाताला लागतोय. दुसरं म्हणजे मका आणि कोंडा दोन्हींत स्फुरद भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी. दुधातून कॅल्शियम रोज बाहेर जातं, ते भरून कोण काढणार? तेव्हा तयार खाद्य आणायचा तुमचा विचार बरोबर आहे. फक्त ते कशासाठी आणतोय हे डोक्यात पक्कं असू द्या.

आता पोतं. पुढच्या बाजूची चित्रं बघू नका, पोतं उलटं करा. मागे किंवा शिवणीला लावलेल्या चिठ्ठीवर पाच-सहा आकडे असतात: ओलावा, प्रथिनं, स्निग्धांश, तंतू, सिलिका, युरिया. बहुतेक जण प्रथिनं वाचून थांबतात. मी आधी सिलिका बघते. तो वाळू-मातीचा आकडा, तीन-चार टक्क्यांच्या वर नको. तंतू बारापर्यंत ठीक, त्यापुढे गेला की तूस आणि टरफलं भरलीत असं समजा. ओलावा अकराच्या आत, नाहीतर पावसाळ्यात पोतं आतून तापतं. गुरांच्या खाद्यासाठी आयएस 2052 हे भारतीय मानक आहे. त्यात पहिल्या प्रकाराला किमान 22 टक्के प्रथिनं लागतात, दुसऱ्याला 20. तो छाप असेल तर निदान मोजमाप काय आहे ते कळतं.

दुकानातच एक करून बघा. ओंजळभर कांडी काचेच्या ग्लासात पाण्यात टाका, दहा-पंधरा मिनिटांनी ढवळा. तूस वर तरंगतं, भरडा आणि पेंड मध्ये राहते, वाळू तळाला बसते. बोटांनी तळ चोळला की करकर लागते. चांगल्या कांडीला पेंडीचा आणि किंचित मळीचा गोड वास येतो. कुबट वास आला, किंवा पोत्याच्या कोपऱ्यात गठ्ठे लागले, तर दुकानदार ओळखीचा असला तरी घेऊ नका. बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, दुधात उतरतं आणि आपलं दूध लोकांची लहान मुलं पितात. माझी गिऱ्हाइकं बहुतेक लहान बाळांची आणि म्हाताऱ्या माणसांची घरं आहेत. यात मी तडजोड करत नाही.

फॅटनिंगचं पोतं सोडून द्या. ते बोकडाचं वजन वाढवायला केलेलं असतं, त्यात धान्याचा भर असतो. दुधाच्या शेळीला रवंथ नीट झाला पाहिजे, तरच दुधाला फॅट लागते.

बाकी दोन पोत्यांच्या चिठ्ठ्या इथं लिहा, मग सांगते.

पशुवैद्यक_विद्यार्थी
ताईंशी सहमत. दोन गोष्टी जोडतो. गाईच्या खाद्यात बऱ्याचदा युरिया असतो. मोठ्या रवंथ करणाऱ्या शेळीला थोडा पचतो, पण करडांना अजिबात नाही, कारण त्यांचं पहिलं पोट अजून तयार झालेलं नसतं. उपाशी शेळीने एकदम जास्त खाल्लं तर विषबाधा होते. सरकी पेंडीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं, तीही करडांना आणि पैदाशीच्या बोकडाला नको. आणि खुराक वाढवण्याआधी आंत्रविषाराची लस झालीय का बघा. अचानक वाढलेल्या खुराकावर तो रोग डोकं वर काढतो.

अकोले_शेळीपालन
चिठ्ठ्या बघून आलो. गाईची कांडी: ओलावा 11, प्रथिनं 20, स्निग्धांश 2.5, तंतू 12, सिलिका 4, युरिया 1. शेळी-मेंढी: ओलावा 11, प्रथिनं 16, स्निग्धांश 3, तंतू 10, सिलिका 3, युरिया नाही. ग्लासात गाईच्या कांडीची वाळू जास्त बसली. तरीही 20 आणि 16 मध्ये फरक मोठा वाटतो, आणि पैशांत तर दीडशेचाच.

सिन्नरची_ताई
हिशोब मांडून बघू भाऊ. प्रथिनं मोजताना प्रयोगशाळेत नत्र मोजतात आणि त्याला सव्वासहाने गुणतात. युरियात नत्र 46 टक्के, म्हणजे एक टक्का युरिया कागदावर जवळजवळ तीन टक्के प्रथिनं दाखवतो. तुमच्या गाईच्या कांडीतली पेंडीची खरी प्रथिनं 17 च्या आसपास. पोत्यात साडेआठ किलो, भाव किलोला 176 रुपये. शेळीच्या पोत्यात 16 टक्क्यांनी आठ किलो, किलोला 169 रुपये. प्रथिनांच्या मानाने स्वस्त वाटणारं गाईचं पोतं महाग निघालं, वर वाळू जास्त. युरिया वाया जातो असं नाही, पोटातले जिवाणू त्यातून प्रथिनं करतात. पण तुमच्याकडे करडं त्याच गव्हाणीत तोंड घालणार, आणि तो धोका मला नको वाटतो.

मी शेळीचं पोतं घेईन, पण तेवढ्यावर थांबणार नाही. नऊ किलोला एक किलो सोयाबीन पेंड मिसळा, मिश्रण 19 टक्क्यांच्या जवळ जातं. दुसरं, 'शेळी-मेंढी' म्हणून विकल्या जाणाऱ्या खाद्यात तांबं कमी ठेवलेलं असतं, कारण मेंढीला जास्त तांबं विषारी ठरतं. शेळीला मात्र तांबं लागतं. काळ्या शेळीचे केस तांबूस पडायला लागले, डोळ्याभोवती विरळ झाले, की मला हीच शंका येते. म्हणून खास शेळीचं खनिज मिश्रण, त्यात तांबं आहे हे वाचून, मोठ्या शेळीला रोज 10 ते 15 ग्रॅम वेगळं द्या. त्यातून कॅल्शियमही मिळेल.

किती द्यायचं? 40 किलोच्या शेळीला अंगासाठी 200 ग्रॅम आणि लिटरमागे 400 ग्रॅम. दीड लिटरवालीला 800 ग्रॅम, तेही दोन-तीन वेळा विभागून आणि आधी कुट्टी-भुसकट पोटात गेल्यावर. सरसकट सगळ्यांना एक माप घालू नका, आटलेल्या शेळीला एवढं लागत नाही. मक्याचा भरडा लगेच बंद करू नका. आठ-दहा दिवसांत थोडा-थोडा कमी करत नवीन खाद्य वाढवा. लेंड्या मऊ पडून चिकटायला लागल्या की तिथंच थांबा, दोन दिवस कुट्टी वाढवा, मग पुढे.

आणि थोडं पाणी असेल तर दोन-चार वाफे लसूणघासाचे करा. दोन किलो हिरव्या घासात जवळपास 80 ग्रॅम प्रथिनं असतात, तेवढीच 20 टक्क्यांच्या 400 ग्रॅम कांडीत. सुबाभूळ आहेच, पण ते एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर जाऊ देऊ नका, त्यात मिमोसिन असतं, केस गळतात.

अकोले_शेळीपालन
ताई, खूप आभार. विहिरीला पाणी आहे, घास लावतो. पोतं ठेवायची जागा पत्र्याच्या खोलीत आहे, चालेल?

सिन्नरची_ताई
चालेल, फक्त जमिनीवर आणि भिंतीला टेकून नको. खाली फळ्या टाका, भिंतीपासून वीतभर सोडा. पावसाळ्यात पंधरा-वीस दिवसांत संपेल एवढंच आणा, आणि घेताना चिठ्ठीवरची तयार केल्याची तारीख बघा. दूध दर आठवड्याला एकाच वेळी वजनकाट्यावर घ्या आणि आईला लिहून ठेवायला सांगा, म्हणजे पुढच्या पोत्याच्या वेळी बोलायला आकडे असतील.