घोडा माझा, ट्रेलर कंपनीचा – रिकामा ट्रेलर वेळेवर मिळत नाही, काय करू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. राहायला मानखुर्दला, गाडी कळंबोलीला उभी असते. चौदा वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या ओढल्या आणि गेल्या दिवाळीत कर्ज काढून जुना घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारी इंजिनाची पुढची गाडी, घेतला. ट्रेलर घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून एका ट्रान्सपोर्ट कंपनीत गाडी लावली. बोली अशी की घोडा आणि ड्रायव्हर माझा, ट्रेलर त्यांचा, पैसे फेरीवर. न्हावा शेवा बंदरातून कंटेनर घेऊन तळोजा, भिवंडी, कधीमधी चाकण.

बोलणी झाली तेव्हा भाडं विचारलं, डिझेलचा ॲडव्हान्स विचारला, टोल कोणाचा तेही विचारलं. रिकामा ट्रेलर किती वेळात मिळेल, हे मात्र विचारलंच नाही. यार्डात ट्रेलरची रांग बघितली आणि म्हटलं, इथे काय तोटा!

गेल्या आठवड्याचं सांगतो. सोमवारी सकाळी सहाला यार्डात हजर. सुपरवायझर म्हणाला, नऊपर्यंत एक खाली होऊन येतोय. आला चारला, तोही मागचा टायर बसलेला. टायरवाला येईपर्यंत अंधार पडला. बुधवारी तर दिवसभर केबिनमध्ये झोपून काढला. आठवड्याला पाच फेऱ्या धरल्या होत्या, झाल्या दोन. बँकेला हे सांगून उपयोग नाही. न्हावा शेव्याने २०२४-२५ मध्ये वीस फुटी हिशेबाने ७० लाखांच्या वर कंटेनर हलवले आणि मला एक ट्रेलर मिळेना!

मग रिकाम्या वेळात चौकश्या केल्या. काही ट्रेलर तळोज्याला कारखान्यांच्या दारात भरलेल्या कंटेनरसकट उभे, कारण आत माल उतरवायला जागा नाही. पार्टीला, म्हणजे माल घेणाऱ्याला, आमचा ट्रेलर म्हणजे फुकटचं गोडाऊन. काहींवर रिकामा डबा (कंटेनर) आहे, पण शिपिंग लाइनने सांगितलेल्या यार्डात गेलं तर यार्ड भरलेलं, दुसरीकडे जा म्हणतात, तोवर ट्रेलर डब्याखाली अडकलेला. एक्स्पोर्टच्या मालाचा कटऑफ (बंदरात पोचवायची शेवटची वेळ) जवळ आला की असेल नसेल तो ट्रेलर तिकडे. आणि कंपनीच्या स्वतःच्या घोड्यांना आधी जोडतात. तोंडाने कोणी बोलत नाही, पण रोज दिसतं.

ऑफिसात विचारलं की वहीत बघून सांगतात, “बारा रिकामे आहेत.” मी जाऊन बघितले. चार सपाट फ्लॅटबेड, कंटेनर धरून ठेवणारे ट्विस्ट लॉकच नाहीत, म्हणजे स्टील मार्केटला ठीक, कंटेनरला नाही. तीन विटांवर चढवलेले. दोघांचं पासिंग (आरटीओचं फिटनेस) संपलेलं. उरलेल्या तिघांवर दुसऱ्यांची नावं लागलेली.

दुसऱ्या दोन कंपन्या बोलावतायत. तिथेही हेच असेल तर जाऊन काय उपयोग? आत शिरायच्या आधी हे कसं ओळखायचं? आणि ट्रेलरसाठी थांबल्याचे पैसे कोणी देतं का?

प्रतिसाद १
दादा, हॉल्टिंग मिळतं ते भरलेली गाडी पार्टीकडे अडकली तर. रिकाम्या घोड्याला कोणी विचारत नाही. ते बोलीतच लिहून घ्यावं लागतं: अमुक तासांत ट्रेलर दिला नाही तर दिवसाचे इतके. पूर्ण मिळणार नाही, पण ड्रायव्हरचा भत्ता निघेल एवढं मागा. जो मालक हे लिहून द्यायला टाळतो त्याच्याकडे ट्रेलर कमी आहेत असं समजा. मी तरी असंच समजतो.

प्रतिसाद २
भाडं नंतर विचारा. घोडे किती आणि त्यातल्या कामाला लागतील असे ट्रेलर किती, हे आधी विचारा. अमेरिकेत मोठ्या कंपन्या एका घोड्यामागे तीनच्या आसपास ट्रेलर ठेवतात म्हणे: एक भरायला लागलेला, एक रस्त्यावर, एक उतरायला. आपल्याकडे एकाला एक असला की मालक खूश. पार्टीच्या दारात एक ट्रेलर अडकला की एक घोडा बसलाच.

अजून एक, किंगपिन बघा, म्हणजे ट्रेलरची घोड्यात अडकणारी पिन. ५० मिलिमीटरची आणि ९० मिलिमीटरची अशा दोन असतात. तुमच्या टर्नटेबलला (घोड्यावर पिन अडकते ती चकती) कुठली बसते ते माहीत असेलच, पण वहीतल्या “रिकाम्या”त दुसऱ्या पिनचे किती ते कोणी सांगणार नाही. आणि ट्रेलरला स्वतःचा नंबर असतो, तो एम-परिवहन ॲपवर टाकून फिटनेस आणि विमा बघूनच जोडा. आठ वर्षांच्या पुढची गाडी दरवर्षी पासिंगला न्यावी लागते आणि ट्रेलरच्या बाबतीत हेच विसरतात. रस्त्यात अडवलं तर पावती तुमच्या हातात येते.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. पिनचं डोक्यातच आलं नव्हतं, माझी ५० ची आहे. काल दोनपैकी एका कंपनीच्या गेटसमोर चहाच्या टपरीवर सकाळी सात ते अकरा बसलो. नऊ घोडे मोकळे आत गेले, ट्रेलर जोडून बाहेर आले सात. आमच्याकडे एवढ्या वेळात तीन निघाले तर खूप. भाडं मात्र फेरीला आठशेने कमी आहे. उद्या बोलायला जातोय. थांबण्याचे पैसे लिहून घेताना किती तासांची मुदत धरू? सहा म्हटलं तर हाकलून देतील का?