विषय: दिवाळी मेळावा, बेळगाव – दारूकामाचा फलक आणि मैदानावरचा कार्यक्रम

प्रेषक: बर्मिंगहॅम

नमस्कार मंडळी,
दिवाळीत गावी येणाऱ्या सभासदांचा मेळावा बेळगावात ठरलाय. मुलांसाठी दारूकामाच्या इतिहासाचा एक फलक, आणि रात्री मैदानावर अर्धा तास आतषबाजी. इकडच्या मुलांना ५ नोव्हेंबर पाठ असतो, म्हणून फलक १६०५ च्या लंडनच्या कटापासून (राजासकट संसद दारूने उडवायचा, ५ नोव्हेंबरला फसलेला कट) सुरू केलाय. पुढचा मसुदा असा: 'फटाक्यांचा शोध चीनमध्ये लागला, इंग्रजांनी ते भारतात आणले.' शहापूरचे काका आणि निपाणीच्या ताई, कृपया नजर टाका. माळ पाच हजार फटाक्यांची घ्यावी की दहा हजारांची, तेही कळवा.

प्रेषक: शहापूर, बेळगाव

चीनचं वाक्य ठेवा, इंग्रजांचं काढा. ते चूक आहे, आणि आपल्याच भागाच्या इतिहासावर अन्याय करणारं आहे.

चीनमध्ये फटाक्यांच्या दारूच्या आधी बांबू होता. बांबूची कांडी विस्तवात टाकली की बंद पेरातली हवा आणि ओल तापते, वाट मिळत नाही, कांडी फुटते. नवव्या शतकाच्या सुमाराला सोरा, गंधक आणि कोळसा यांचं मिश्रण हाती लागलं. १०४४ च्या एका चिनी लष्करी ग्रंथात दारूच्या कृती लिहिलेल्या सापडतात.

आता आपल्याकडचं. १४४३ मध्ये तैमूरलंगाचा मुलगा सुलतान शाहरुख याचा दूत अब्दुर रझ्झाक विजयनगरला (आजच्या हंपीला) होता. महानवमीच्या उत्सवातल्या दारूकामाचं वर्णन त्याने लिहून ठेवलंय. १५२० च्या सुमाराला पोर्तुगीज प्रवासी डोमिंगो पाईश तिथेच पाहतो ते बाण, तऱ्हेतऱ्हेचे जाळ, आणि स्वतः पेटून आतून बाण-गोळे फेकणारे दारूचे किल्ले. हे आपल्या राज्यातल्या हंपीत, लंडनच्या कटाच्याही आधी. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेतले संशोधक परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातल्या दारूकामाचा १४०० ते १९०० असा इतिहास साधनांनिशी जुळवून दिलाय. फलकाला त्याचाच आधार घ्या.

मुलांना सगळ्यात आवडेल ती 'दारूची लंका'. महादजी शिंद्यांनी राजस्थानातल्या कोट्याच्या दिवाळीचं वर्णन सवाई माधवरावांना सांगितलं: दारूचा रावण, राक्षस, वानर आणि मोठा मारुती, मारुतीचं शेपूट पेटवलं की तो उडत जाऊन लंका जाळतो. पेशव्यांनी तसाच खेळ पर्वतीच्या पायथ्याशी करवून घेतला. पेशव्यांच्या बखरीत हे आहे. यात आवाजापेक्षा देखावा किती मोठा आहे बघा. माझ्या मते फलकाचा कणा हाच हवा.

रंगांचा एक कोपरा करा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत दारूकाम बहुतेक सोनेरी आणि पांढरंच होतं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बर्थोलेने १७८० च्या दशकात पोटॅशियम क्लोरेट बनवलं. पुढे त्याच्या जोडीने धातूंचे क्षार वापरून गडद रंग निघाले. स्ट्राँशियम लाल, बेरियम हिरवा, सोडियम पिवळा, तांबं निळा. निळा सगळ्यात अवघड, कारण तो रंग देणारं तांब्याचं संयुग जास्त उष्णतेत मोडतं आणि रंग फिका पडतो.

जगाच्या नकाशावर दोन ठिकाणं पुरेत: जपानच्या टोकियोतली सुमिदा नदी, जिथली आतषबाजीची परंपरा १७३३ पासूनची सांगतात, आणि स्पेनचं वालेन्सिया. वालेन्सियात मार्चमध्ये भर दुपारी दोन वाजता फक्त आवाजाच्या लयीसाठी दारू उडवतात.

प्रेषक: निपाणी

माळ घेऊच नका, पाचची नाही की दहाची नाही. २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने माळांवर आणि बेरियमच्या क्षारांवर बंदी घातली. दिवाळीत वेळ रात्री ८ ते १०, आणि फक्त हरित, म्हणजे कमी प्रदूषण करणारे फटाके. खोक्यावर नीरी या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेचं चिन्ह आणि क्यूआर कोड बघूनच घ्या. कार्यक्रम ८.१५ ला सुरू करून ८.४५ ला संपवा.

अर्धा तास भुईनळे, भुईचक्रं आणि थोडे बाण यांवर छान निघतो. नळे एकेक लावू नका. पाच-पाचच्या ओळी, दोन नळ्यांत दीड मीटर, आणि पहिली ओळ विझत आली की दुसरी. प्रेक्षक किमान १५ मीटर मागे, दोरी बांधून. पेटवणारी माणसं दोनच, अंगात सुती कपडे, हातात लांब उदबत्ती. नळ्यावर वाकायचं नाही. जवळ पाण्याच्या चार बादल्या आणि वाळूच्या दोन. वारा आधी उदबत्तीच्या धुराने बघा आणि लोकांना वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसवा.

बाण बाटलीतून सोडू नका, बाटली कलंडते आणि बाण गर्दीत शिरतो. वाळूच्या बादलीत लोखंडी नळी उभी रोवा, प्रेक्षकांपासून किंचित पलीकडे झुकवून. काडी तुटलेला बाण वापरू नका. काडीनेच तोल राहतो. ती आखूड झाली की बाण गिरक्या घेतो.

प्रेषक: बर्मिंगहॅम

ताई, काका, मनापासून आभार. फलक नव्याने लिहितो. एक विचारायचं राहिलं: गेल्या वर्षीचे तीन डझन भुईनळे खानापूरच्या घरी माळ्यावर आहेत. उन्हात वाळवून वापरले तर चालतील का?

प्रेषक: निपाणी

दादा, अजिबात नको. खानापूरचा पावसाळा काढलेला नळा वरून कोरडा दिसला तरी आतून बिघडलेला असतो. नळा नीट चालतो तेव्हा ठासून भरलेली दारू वरून खाली थराथराने जळते आणि वायू तोंडातून बेताने बाहेर पडतो. ओल धरून वाळली की दारूला भेगा जातात. जाळ भेगांतून एकदम आत शिरतो, जळणारा पृष्ठभाग वाढतो, तेवढा वायू तोंडातून निघत नाही आणि मातीचं भांडं फुटतं. ठिकऱ्या गुडघ्यापासून डोळ्यापर्यंत कुठेही लागतात. शिवाय ठिणग्या देणारा लोखंडाचा कीस गंजतो, म्हणजे न फुटलेला नळाही नुसता धुरकट जळतो.

ते सगळे दिवसभर पाण्यात बुडवून ठेवा. नंतर काय करायचं ते अग्निशमन केंद्रात विचारा. कचऱ्यात टाकायचे नाहीत, चुलीत तर मुळीच नाही.

मैदानावर एक नियम: न पेटलेल्या नळ्याला दुसऱ्यांदा उदबत्ती लावायची नाही. अर्धा तास थांबायचं, लांबून पाणी ओतायचं, मग उचलायचं. जळलेल्या फुलबाज्यांच्या तारा थेट बादलीत, गवतावर नाही. विझल्यावरही त्या लहान पायांना भाजतात. भाजलंच तर वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी. हळद, टूथपेस्ट, बर्फ काही लावू नका.

प्रेषक: शहापूर, बेळगाव

मैदानाच्या परवानगीचा अर्ज पोलिसांकडे आणि अग्निशमन दलाकडे वेगवेगळा द्यावा लागेल. मैदानाचा नकाशा जोडा. त्यात प्रेक्षकांची दोरी, पाण्याची जागा आणि बाहेर पडायच्या दोन वाटा दाखवा. मी मैदान मोजून आकडे परवापर्यंत सगळ्यांना कळवतो.