तीन ‘शीट’ आणि वारा

‘थ्री शीट्स टू द विंड’ या इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ दापोलीच्या माझ्या भाचीने विचारला, तेव्हा तिने स्वतःचे उत्तर आधीच तयार ठेवले होते: वादळात घराचे तीन पत्रे उडाले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात पडवीचे पत्रे उडताना तिने पाहिले होते, आणि आपल्याकडे शीट म्हणजे एक तर छपराचा पत्रा, नाही तर कागद. त्यामुळे तिच्या उत्तराला हसण्याचे कारण नव्हते.

येथील ‘शीट’ पत्रा नाही, चादर नाही आणि पुष्कळांना वाटते तसे शीडही नाही. शिडाचा खालचा कोपरा ज्या दोराने ताणून धरतात, त्या दोराला इंग्रज खलाशी शीट म्हणतात. तो सुटून वाऱ्यावर फडफडू लागला की शीड वारा धरत नाही आणि गलबत भरकटते. असे तीन दोर सुटलेला माणूस म्हणजे झोकांड्या खाणारा, पुरता झिंगलेला माणूस. मराठीत ‘तर्र’ हा शब्द मला सर्वांत जवळचा वाटतो. ‘मद्यधुंद’ला पोलिसी पंचनाम्याचा वास येतो, तर मूळ प्रयोग थट्टेचा आणि काहीसा जुन्या वळणाचा आहे.

भाचीने लगेच वाक्य केले: ‘शिमग्याच्या रात्री मामा थ्री शीट्स टू द विंड होता.’ वाक्यरचना निर्दोष होती, मजकुराला मात्र माझी हरकत आहे. ते वाचून मी ‘टेकन अबॅक’ झालो, हा त्याच कुळातला, पण रोजच्या बोलण्यातला प्रयोग. वारा अचानक समोरून येऊन शीड डोलकाठीवर दाबले गेले की जहाजाची चाल खुंटते. अनपेक्षित बोलण्याने माणसाची तशी गत झाली की हे शब्द येतात. म्हणून ‘मला मागे नेले’ हे भाषांतर चूक, ‘आश्चर्य वाटले’ सौम्य आणि ‘मी सर्दच झालो’ नेमके. बक्षीस मिळाल्याच्या निर्भेळ आनंदाला हा प्रयोग सहसा शोभत नाही.

‘बाय अँड लार्ज’मधले ‘लार्ज’ही ‘मोठे’ नव्हे. पहिला शब्द वाऱ्याच्या तोंडाशी जाण्याचा, दुसरा वारा पाठीशी घेऊन जाण्याचा. दोन्ही परी जमेस धरून जे म्हणायचे ते, म्हणजे ‘एकंदरीत’.