निबंधाची वही लाल होऊन आली आहे, दुरुस्ती कुठून सुरू करावी?

सिन्नरची_आई
नमस्कार मंडळी. मुलगी नववीत आहे, सेमी इंग्रजीला. मराठीच्या बाईंनी 'आमच्या गावचा आठवडे बाजार' हा निबंध तपासून दिलाय आणि खाली शेरा मारलाय, 'सुधारून पुन्हा लिही, सोमवारी आण.' दोन्ही पानं लाल खुणांनी भरलीत. काही खुणा कळतात: शब्दाभोवती गोल आणि समासात 'शु.ले.' म्हणजे शुद्धलेखन, शब्द सुटलाय तिथे हंसपद. पण काही वाक्यांखाली नागमोडी रेघ आहे, कुठे समासात नुसतंच प्रश्नचिन्ह, एका जागी दोन शब्दांच्या वरून-खालून गेलेली वळणाची रेघ, आणि एक शब्द खोडून त्याच्याखाली टिंबं टिंबं.

लेकीचा बेत सरळ आहे. गोल केलेले शब्द नीट करायचे आणि चांगल्या अक्षरात उतरवून काढायचं. बाईंना एवढंच हवं असेल असं मला वाटत नाही. मी तरी किती सांगावं? सगळं सांगितलं तर निबंध माझाच होईल. नमुन्याला चार ओळी देते:

'बाजारात खूप गर्दि होती. मी आणि माझी बहिण आजीबरोबर गेलो होतो. आजीने भाजीवाल्या कडून कोथिंबीर घेतली आणि मग आम्ही भेळ खाल्ली आणि मग आम्ही घरी आलो. बाजार हा ग्रामीण अर्थव्यवस्थेचा कणा आहे.'

नागमोडी रेघ तिसऱ्या वाक्याखाली, प्रश्नचिन्ह चौथ्याशेजारी.

खिळे_जुळारी
ताई, बाईंच्या खुणा बऱ्याचशा छापखान्यातल्याच आहेत. वळणाची रेघ म्हणजे शब्दांची अदलाबदल: पुढचा मागे, मागचा पुढे. खोडलेल्या शब्दाखाली टिंबं म्हणजे 'खोडणं रद्द, होता तसा राहू दे'. नागमोडी रेघ आणि प्रश्नचिन्ह मात्र प्रत्येक शिक्षक आपापल्या परीने वापरतो, ते मुलीने बाईंनाच विचारावं. टिंबं कुठल्या शब्दाखाली आहेत?

सिन्नरची_आई
'भेळेच्या गाडीपाशी खमंग गोंगाट होता' असं लिहिलंय तिने. त्यातला 'खमंग' खोडलाय आणि खाली टिंबं.

खिळे_जुळारी
मग बाईंनी आधी नेहमीच्या सवयीने खोडला आणि पुन्हा वाचल्यावर त्यांना तो आवडला. तो शब्द काही झालं तरी पक्क्या प्रतीत जाऊ द्या. दोन पानांत बाईंनी दिलेली एवढी एकच शाबासकी दिसतेय.

निवृत्त_मास्तर
गोलांपासून सुरुवात करू देऊ नका. मुलं नेमकी तिथूनच सुरू करतात, कारण ते सोपं असतं आणि काम झाल्यासारखं वाटतं. आधी प्रश्नचिन्हं घ्या, मग नागमोडी रेघा, आणि शु.ले. सगळ्यात शेवटी. जे वाक्य उद्या काढूनच टाकायचंय त्यातली वेलांटी आज सुधारून काय उपयोग?

आता तुमच्या चार ओळी बघा. 'ग्रामीण अर्थव्यवस्थेचा कणा' हे वाक्य गाइडमधून आलंय, हे कुठल्याही मराठीच्या शिक्षकाला झोपेतही कळेल. शुद्धलेखन निर्दोष आहे, म्हणूनच तिथे गोल नाही, प्रश्नचिन्ह आहे. ते दुरुस्त होणार नाही, काढावं लागेल. आणि त्या जागी तिने स्वतः पाहिलेलं काहीतरी यायला हवं.

तिसऱ्या वाक्यात 'आणि मग' दोनदा आलंय, पण एक 'आणि' कापून भागणार नाही. कोथिंबीर, भेळ आणि घर एका दमात उरकलंय. त्यातलं कशावर थांबायचं हे तिनेच ठरवायचं. तुम्ही फक्त विचारा: आजीने कोथिंबीर कशी निवडली? ती तोंडाने सांगेल ते तिलाच लिहू द्या. तुमची मदत तेवढीच.

अकरावीची_पोर
मास्तर, बोर्डाच्या पेपरात मात्र हे चालत नाही हं. तिथे एकदाच लिहायचं असतं आणि शु.ले.चे गुण कापले जातात. मला वाटतं तिने आधी ह्रस्व-दीर्घच पक्कं करावं.

निवृत्त_मास्तर
पेपरात तुमचं खरं. पण इथे बाईंनी सोमवारपर्यंत मुदत दिलीय, ती उतरवून काढण्यात का घालवायची? आणि ह्रस्व-दीर्घ पक्कं करायचं तर एकेक शब्द धरून होत नाही. गोलांची वर्गवारी करा. 'गर्दि' हा एक वर्ग: मराठीत शब्दाच्या शेवटची वेलांटी, शेवटचा उकार दीर्घ. गर्दी, नदी, कवी, गुरू. 'आणि', 'नि' आणि 'परंतु', 'तथापि' यांसारखी संस्कृत अव्ययं हे अपवाद. 'बहिण' दुसरा वर्ग: शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ. बहीण, फूल, मीठ, दूध. प्रत्यय लागला की तोच ह्रस्व होतो: बहिणीला, फुलांचा, मिठाचा, दुधात. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या दुसऱ्या वर्गात बसत नाहीत. मंदिर, गुण ह्रस्वच राहतात आणि 'शरीराला' दीर्घच. 'भाजीवाल्या कडून' तिसरा वर्ग: कडून, बरोबर, साठी, पर्यंत हे शब्दाला चिकटूनच लिहायचे.

मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम एकूण 18 आहेत. 14 नियम 1962 चे, 4 नंतर 1972 मध्ये आले. नववीच्या मुलीच्या वहीतले बहुतेक गोल त्यातल्या तीन-चार नियमांतच संपतात. वर्ग पाडले की पान एकदम कमी लाल दिसायला लागतं!

अकरावीची_पोर
हे मान्य. आणि शब्दाबद्दल शंका आली तर कुमारभारतीच्या पुस्तकात तो कसा छापलाय ते बघायचं. मोबाइलच्या कीबोर्डवर विसंबू नका, तो 'बहिण'सुद्धा खुशाल सुचवतो.

सिन्नरची_आई
काल संध्याकाळी बसलो. 'आजीने कोथिंबीर कशी निवडली' एवढंच विचारलं. हे तिचं, मी एकही शब्द घातलेला नाही:

'बाजाराच्या तोंडाशीच मिरच्यांचे ढीग होते. आत शिरताना बहिणीला ठसका लागला. आजीने कोथिंबिरीची जुडी उलटी करून देठ पाहिले आणि "कालची आहे" म्हणून परत ठेवली. भाजीवाल्याने हसत पोत्याखालून दुसरी जुडी काढून दिली.'

भेळ आता पुढच्या परिच्छेदात गेलीय, खमंग गोंगाटासकट. 'कणा' गेला. सगळा निबंध मिळून अर्धं पान वाढलंय, चालेल का?

निवृत्त_मास्तर
मिरच्या आणि देठ आल्यावर 'खूप गर्दी होती' हे वाक्य आपोआपच गळालं, बघितलंत? वाढलेलं अर्धं पान वर्गातल्या वहीत चालेल. परीक्षेत शब्दमर्यादा असते, तेव्हा काय गाळायचं ते पुढे शिकेल.

खिळे_जुळारी
छान जमलंय. पक्की प्रत झाल्यावर एक करा. छापखान्यात दुसरं प्रूफ (तपासणीची छापील प्रत) आलं की पहिलं शेजारी ठेवून प्रत्येक खूण ताडून बघतात, लागलेल्या दुरुस्तीवर पेन्सिलीने बारीक टिक करतात. तसंच जुनं पान डावीकडे, नवं उजवीकडे. खुणेची ओळ तर बघायचीच, तिच्या वरची आणि खालचीही वाचायची, कारण दुरुस्तीच्या नादात नवी चूक नेमकी तिथेच शिरते. वेलांट्या तपासताना शेवटच्या ओळीकडून वर यायचं. म्हणजे वाक्याच्या अर्थामध्ये गुंतायला होत नाही, अक्षरं दिसतात.

आणि सोमवारी दोन्ही पानं एकत्र टाचून द्या. नुसती नवी प्रत दिली तर बाईंना आधीचं आठवून तपासावं लागेल.