बॅच प्रोसेसिंग खरंच मेलंय का?

रात्रपाळी: काल इथे एकाने ठोकून दिलं की "बॅच म्हणजे आळशीपणा, प्रत्येक व्यवहार रिअल टाइमच हवा". डोकं फिरलं वाचून. बॅच म्हणजे व्यवहार साठवून ठरल्या वेळी एकदम चालवायचे, रिअल टाइम म्हणजे आला की लगेच. पगार ठरल्या तारखेलाच होतो, तिथे रिअल टाइम करून काय मिळवणार? एका रनमध्ये सगळ्यांचा पगार काढला की कंट्रोल टोटल लावता येते, आत गेलेल्या नोंदी आणि रक्कम बाहेर तेवढीच आली पाहिजे, नाही जुळली तर रन तिथेच अडवायचा. एकेक करून सोडलं की ही चाळणीच गेली.

कमिटकर: ती पोस्ट माझीच. पगाराचं सोडा हो, स्टॉकचं बोला. रात्री अपडेट होणारा स्टॉक म्हणजे दिवसभर नसलेला माल विकत बसायचं. सेबर या आरक्षण सिस्टीमवर विमानाच्या सीट १९६०च्या दशकात ऑनलाइन बुक होत होत्या, व्यवहार लगेच हाताळणारं आयबीएमचं सीआयसीएस सॉफ्टवेअर १९६९चं, आणि तुम्ही अजून रात्र व्हायची वाट बघताय.

रात्रपाळी: एकच सीट दोघांना विकायची नाही म्हणून तिथे ऑनलाइन लागतं, नाही कोण म्हणतंय?

हिशेबनीस: तुमचं चालू द्या, पण दुबार नोंदींचं कोणीतरी बोला. ग्राहकाने पैसे भरले, स्क्रीन नुसतीच फिरत राहिली, त्याने परत बटण दाबलं, दोनदा पैसे कापले. महिनाअखेरीला जुळवत बसते मी आणि आयटीवाले सांगतात "सिस्टीममध्ये दोन्ही व्हॅलिड आहेत".

डेडलॉक_दादा: आहेतच व्हॅलिड. डेबिट-क्रेडिट दोन्ही होतात नाहीतर दोन्ही रोलबॅक, म्हणजे रद्द, एवढीच डेटाबेसची हमी. लोकांना धीर नाही त्याला तो काय करणार?

हिशेबनीस: म्हणजे चूक ग्राहकाची! धन्य आहे.

कमिटकर: दादा, डेटाबेसमागे लपू नका. कमिट झालं, म्हणजे नोंद पक्की झाली, आणि उत्तर परत येताना नेटवर्क तुटलं तर समोरच्याला कसं कळणार? तो परत पाठवणारच. म्हणून प्रत्येक पेमेंटला एक युनिक की, म्हणजे वेगळा ओळख क्रमांक, द्यायची, ती व्यवहारासोबत त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये साठवायची, तीच की परत आली की नवं डेबिट न करता जुनंच उत्तर द्यायचं. आणि ही की बिल उघडताना बनवा, दर क्लिकला नवी बनवली तर उपयोग शून्य. आमच्याकडे एका व्हेंडरने नेमकं तेच केलं, वर "डुप्लिकेट प्रोटेक्शन"चे वेगळे पैसे लावले.

डेडलॉक_दादा: थिअरी छान. दोन कंपन्यांच्या सिस्टीम असल्या की? टू फेज कमिट म्हणजे आधी सगळ्यांना "तयार का" विचारायचं, मग एकदम पक्कं करायचं; त्यात विचारणारा कोऑर्डिनेटर मधेच झोपला की बाकीचे नोंदींवर लॉक धरून बसतात. भोगलंय आम्ही, एका लॉकपायी अख्खं काउंटर ठप्प.

कमिटकर: टू फेज म्हणालं कोण? एक बाजू फसली तर दुसरीकडे भरपाईची उलट नोंद टाका.

हिशेबनीस: टाका, पण मूळ नोंदीचा नंबर लावून टाका! मागच्या ऑफिसात एका महाभागाने मूळ रेकॉर्डच उडवलं, ऑडिटर समोर बसलेला आणि व्हाउचर ४१७ नंतर थेट ४१९.

रात्रपाळी: आणि या दुबार नोंदी सापडतात कशात? जुळवणीत. म्हणजे बॅचमध्येच की.

कमिटकर: बरं बाबा, जुळवणीपुरती बॅच तुमची. तीपण तासातासाला चालवा, म्हणजे ताई महिनाअखेरीला रडणार नाहीत.

हिशेबनीस: मी रडत नाही, मेल टाकते. सगळ्यांना सीसी करून.